पोरांना घेऊन सतरा वर्षांखालचा विश्वचषक कसा पाहायचा

मॅच रात्री आठची असेल तर सव्वासातला आपापल्या खुर्चीवर बसलेलं असायचं. बाकी काही जमलं नाही तरी एवढं पाळाच. टीव्हीवर वॉर्म-अप जवळजवळ दाखवतच नाहीत, आणि शिकणाऱ्या पोरासाठी अर्धी मॅच तिथेच असते. सोळा-सतरा वर्षांची मुलं गोल करून उभी राहतात, मधे दोघं बॉल पकडायला, बाकीचे एका टचमध्ये पास देत राहतात. हाच खेळ आम्ही शाळेच्या मैदानावर रोज खेळतो. आमच्याकडे तो हसत-खिदळत होतो. तिथे एकही पास सैल जात नाही आणि बॉल चुकला की चुकलेला मुलगा न सांगता मधे जातो. माझ्या शेजारी बसलेला आठवीतला पोरगा हे बघून एवढंच म्हणाला, "मॅडम, हे तर आपलंच हाय की!" ते वाक्य ऐकायलाच आपण तीनशे-साडेतीनशे किलोमीटर आलो, असं मला तेव्हा वाटलं.

मी कोल्हापुरात एका शाळेत खेळ शिकवते. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत चौदा मुलांना घेऊन नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर गेले. २५ ऑक्टोबर, माली विरुद्ध स्पेन, उपांत्य फेरी. पाच वर्षांनी मुलींचा विश्वचषकही भारतात आला. त्याची अंतिम मॅच ३० ऑक्टोबर २०२२ ला त्याच मैदानावर होती. तेव्हाही दिवाळीचीच सुट्टी होती, आणि या वेळी बरोबर अकरा मुली होत्या. पहिल्या खेपेला माझ्या बऱ्याच चुका झाल्या. दुसऱ्या खेपेला त्यातल्या निम्म्या टळल्या. तुमच्या शाळेची, तालमीची किंवा घरातली मुलं फुटबॉल खेळत असतील, तर या वयोगटाची आंतरराष्ट्रीय मॅच त्यांना कशी दाखवायची, ते मला समजलं तसं लिहिते आहे.

आमच्या गावात फुटबॉल बघायला कुणाला शिकवावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की सगळी पेठ मैदानात असते. पण ते बघणं आपल्या पेठेसाठी असतं. जीव बॉलमध्ये आणि डोळा गोलपोस्टवर. आपण कोण जिंकलं ते बघतो, कसं खेळले ते बघत नाही. मालीच्या किंवा स्पेनच्या मॅचला आपली पेठ नसते. म्हणूनच ती मॅच शिकायला फार चांगली.

मॅच कोणती निवडायची

मोठ्या देशाच्या नावामागे धावू नका. २०१७ ला नवी मुंबईच्या वाट्याला ब गट आला होता: पॅराग्वे, माली, न्यूझीलंड आणि तुर्कस्तान. आमच्या शिक्षक-खोलीत सगळे हळहळले, ब्राझील नाही, जर्मनी नाही, कोण जाणार बघायला? त्या वेळी मालीचा हा संघ आफ्रिकेतला त्या वयोगटाचा विजेता होता, आणि आधीच्या, २०१५ च्या विश्वचषकात माली उपविजेता ठरला होता. ६ ऑक्टोबरला नेरूळला पॅराग्वेने मालीला ३-२ असं हरवलं, एका संध्याकाळी पाच गोल. ती पहिली मॅच हरलेला माली पुढे उपांत्य फेरीपर्यंत पोचला. तिकडे गोव्यात फातोर्ड्याला १० ऑक्टोबरला इराणने जर्मनीला ४-० हरवलं. माझा मावसभाऊ मडगावला असतो. तो त्या मॅचला जर्मनी बघायला गेला आणि इराणबद्दल बोलत परत आला. या वयात मोठ्या संघाचं नाव मैदानात फारसं उपयोगी पडत नाही, म्हणून मोठ्या संघाची क्रमवारी बघून तिकीट काढू नये.

जमत असेल तर गटसाखळीतला दिवस घ्या. त्या दिवशी एकाच मैदानावर लागोपाठ दोन मॅच असतात, म्हणजे चार देश, चार तऱ्हेचा खेळ. मुलींना नेलं तेव्हा आधी तिसऱ्या क्रमांकाची जर्मनी-नायजेरिया मॅच होती आणि मग अंतिम. खरं सांगायचं तर मुली पहिल्या मॅचबद्दलच जास्त बोलतात. नायजेरियाची तीन गोलांची आघाडी जर्मनीने ३-३ करून पुसली, आणि तरीही टायब्रेकरमध्ये नायजेरियाच जिंकली.

टायब्रेकरवरून आठवलं, मुलांना आधीच सांगून ठेवा की या स्पर्धेत बाद फेरीत जादा वेळ नसतो. नव्वद मिनिटांत बरोबरी झाली की थेट पेनल्टी. कोवळ्या वयाच्या मुलांना दोन-तीन दिवसांआड मॅच खेळायची असते, त्यात आणखी अर्धा तास धावायला लावायचं नाही, असा त्यामागचा विचार. हे माहीत नसलं की शेवटच्या दहा मिनिटांत संघ सावध का झाला ते पोरांना कळत नाही.

जाण्याआधीचा गृहपाठ

प्रत्येक संघाची अधिकृत यादी स्पर्धेआधी जाहीर होते. तीत खेळाडूचा नंबर, जागा, उंची, क्लब आणि जन्मतारीख असते. ती छापून घ्या आणि प्रत्येक पोराला त्याच्याच जागेवर खेळणारा एक खेळाडू नेमून द्या. राइट बॅकला, म्हणजे उजवीकडच्या डिफेंडरला, राइट बॅक, गोलकीपरला गोलकीपर. "आज तू या पाच नंबरचा," असं सांगायचं. मग एक छोटी वही आणि पेन्सिल. वहीच्या पहिल्या पानावर मैदान काढायचं, त्यावर आपला नंबर.

मग जन्मतारखा वाचायला बसवा. २०१७ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००० ला किंवा त्यानंतर जन्मलेलाच खेळाडू चालणार होता. आम्ही वर्गात याद्या पसरल्या आणि महिन्यांप्रमाणे खुणा केल्या. इंग्लंडच्या यादीत मार्क गेहीची तारीख १३ जुलै २००० होती. भारताच्या यादीत तीच तारीख आमच्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवची. एकाच दिवशी जन्मलेले दोघे, एकाच विश्वचषकात. वर्गात अशी शांतता मी परीक्षेतही अनुभवलेली नाही. अनिकेत आमच्याच गावच्या मैदानांवरून पुढे गेला, पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि भारताच्या विश्वचषक संघात पोचला, हे पोरांना पाठ होतं. पण ते कुणाच्या बरोबरीने पोचणं होतं, ते त्या दोन तारखांनी दाखवलं. गेही पुढे इंग्लंडच्या मोठ्या संघात गेला. दोघांच्या वाटांमध्ये इतका फरक का, हा प्रश्न पोरांनीच काढला. मी उत्तर द्यायची घाई केली नाही.

खुणा करताना आणखी एक गोष्ट शोधायला सांगा: जानेवारी ते मार्च या महिन्यांत किती जण येतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये किती. वयोगटाच्या फुटबॉलमध्ये जगभर वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात. कारण साधं आहे. कटऑफ १ जानेवारीचा असेल तर जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. बाराव्या-तेराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे चार बोटं उंची आणि पायातला जोर. निवडणाऱ्याला तो मुलगा जास्त चांगला वाटतो, खरं तर तो जास्त वाढलेला असतो. मग त्यालाच सराव जास्त मिळतो, मॅच जास्त मिळतात. आमच्याकडे नोव्हेंबरात जन्मलेला एक बारका मिडफिल्डर होता, दोन वर्षं निवड चाचणीतून परत यायचा. त्याच्या आईला मी हे समजावून सांगितलं आणि त्यालाही. तुमच्या संघातल्या डिसेंबरवाल्या पोराला हे कळायलाच हवं, नाहीतर तो स्वतःलाच कमी समजून खेळ सोडतो.

वय आणि मनगट

मुलं विचारणारच, "मॅडम, हा खरंच सतराचा हाय काय?" मालीचे मिडफिल्डर बघून तर नक्कीच विचारतात. हा प्रश्न टाळू नका.

मुलांच्या या विश्वचषकात वय तपासायला मनगटाचं एमआरआय करतात. २००९ च्या नायजेरियातल्या स्पर्धेपासून फिफाने हे सुरू केलं. हाताच्या हाडाच्या टोकाला, मनगटाजवळ, वाढीची एक पट्टी असते. मूल वाढत असतं तोवर ती मऊ, वेगळी दिसते आणि वाढ पूर्ण होत आली की ती हाडात मिसळून जाते. ती पूर्ण मिसळलेली दिसली तर तो मुलगा सतरा ओलांडलेला असण्याची शक्यता फार मोठी. एक्स-रे वापरत नाहीत, कारण नुसत्या खेळासाठी वाढत्या मुलाला किरणांचा डोस द्यायचा नाही. एमआरआयमध्ये किरणं नसतात. त्यातून नेमकी जन्मतारीख मात्र कळत नाही. हेही सांगा, म्हणजे पोरं "मशीनने सांगितलं" एवढ्यावर थांबणार नाहीत. आणि मग स्पष्ट सांगा, की धिप्पाड दिसतो म्हणून कुणाला खोटा म्हणायचं नाही. आपल्याच वर्गात मिसरूड फुटलेला आणि न फुटलेला असे दोघे एका बाकावर बसतात.

हे मी एवढं लांबवते आहे, कारण हे दुखणं घरचं आहे. एका स्पर्धेत आमच्या चौदा वर्षांखालच्या संघासमोर जी मुलं उभी होती, त्यातले काही जण मॅचनंतर मोटारसायकलवर बसून गेले. एका पालकाने मला प्रवेशपत्रावर मुलाचं साल एकाने पुढे लिहायची गळ घातली होती, "एवढ्या एका स्पर्धेपुरतं." मी नाही लिहिलं. त्याने मुलाला संघातून काढून घेतलं. तो मुलगा चांगला खेळायचा, त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण वय चोरून खेळणारा प्रत्येक जण खऱ्या वयाच्या एका मुलाची जागा खातो, आणि मला त्या मुलाचीही बाई व्हायचं असतं.

मैदानात

जागा वरची घ्या. खालच्या रांगेत खेळाडूंचे चेहरे दिसतात, वरून संघाचा आकार दिसतो. चौघांची डिफेन्सची ओळ कशी एकदम सरकते, एक पुढे गेला की बाकीचे तिघे कुठे जातात, हे वरूनच कळतं. गोलच्या मागची उंच जागा स्वस्तही मिळते आणि शिकायला उत्तम.

पहिली दहा मिनिटं बॉल बघायचा नाही. पोरांना हे सगळ्यात अवघड जातं. ज्याला जो नंबर दिला आहे, त्याने फक्त त्याच्याकडे बघायचं. बॉल दुसऱ्या टोकाला असताना तो काय करतो? उभा राहतो, चालतो, हाताने खुणा करतो, की मागे वळून बघतो? वहीत फक्त एक गोष्ट मोजायची: बॉल पायात येण्याआधी त्याने मान किती वेळा वळवली. आमच्या राइट बॅकने मोजलं आणि हाफ टाइमला माझ्याकडे आला. "मॅडम, त्यो बॉल यायच्या आधीच बघून ठेवतोय. मी बॉल आल्यावर बघतो." पाठीमागे बघून घे, हे मी त्याला दोन वर्षं ओरडून सांगत होते. त्याला ते आज दिसलं.

दहा मिनिटांनंतर मोकळं सोडा. ओरडू द्या, शिट्ट्या मारू द्या. पोरं आहेत.

गोल झाल्यावर मात्र पुन्हा जागं करा. गोलनंतरची दोन मिनिटं फार महत्त्वाची असतात, आणि ती शिकवायला माझ्याकडे २०१७ चंच उदाहरण आहे. ९ ऑक्टोबरला दिल्लीत भारत-कोलंबिया मॅच होती, आम्ही ती शाळेतल्या प्रोजेक्टरवर पाहिली. कोलंबिया एका गोलने पुढे. ८२ व्या मिनिटाला कॉर्नर आला आणि मणिपूरच्या जीक्सन सिंगने हेडरने गोल केला. फिफाच्या विश्वचषकात भारताचा पहिला गोल. हॉलमध्ये पोरं बाकांवर चढली, मी पण ओरडले, डोळ्यांत पाणी होतं. आणि त्या ओरडण्यातच, पुढच्याच मिनिटाला, कोलंबियाने दुसरा गोल केला. आमच्यातल्या कित्येकांनी तो बघितलाच नाही. मॅच १-२ अशी गेली. भारत तिन्ही मॅच हरला, अमेरिकेशी ०-३, घानाशी ०-४, पण पोरांच्या मनात राहिलं ते हे एक मिनिट. तेव्हापासून आमच्या संघात नियम आहे: गोल केला की आनंद करायचा, पण परत येताना कॅप्टनने प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारून "अजून दोन मिनिटं" म्हणायचं.

उलट बाजूचं उदाहरण त्याच स्पर्धेच्या अंतिम मॅचमध्ये, कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर. इंग्लंडविरुद्ध स्पेनने ३१ व्या मिनिटापर्यंतच दोन गोल केले होते. हाफ टाइमच्या तोंडावर इंग्लंडच्या ब्रूस्टरने एक परत केला, आणि दुसऱ्या हाफमध्ये इंग्लंडने आणखी चार मारले. ५-२. दोन गोलांनी मागे पडलेला संघ त्या काळात काय करत होता, ते बघण्यासारखं आहे: ते लांब बॉल मारायला लागले नाहीत, आधी जसे कडेने खेळत होते तसेच खेळत राहिले. आमची पोरं एक गोल खाल्ला की पुढे उंच बॉल मारायला लागतात. तुमचीही मारत असतील.

आमच्या माली-स्पेन मॅचमध्ये मात्र वेगळंच शिकायला मिळालं. स्पेन २-० पुढे होता, दोन्ही गोल त्यांचा कॅप्टन आबेल रुईझचे, त्यातला एक पेनल्टीवर. दुसऱ्या हाफमध्ये मालीच्या शेख दुकुरेने लांबून एक असा शॉट मारला की तो क्रॉसबारला लागून खाली आपटला आणि गोलरेषेच्या आत पडून बाहेर आला. पंचांनी गोल दिला नाही. वरच्या रांगेतून आम्हाला नीट दिसलं नव्हतं, पण फोनवर रीप्ले आला आणि स्टँडमध्ये गलका झाला. माझी पोरं पंचांना शिव्या घालायच्या तयारीत. मी त्यांना मालीच्या खेळाडूंकडे बघायला लावलं. हात वर झाले, दोघं-तिघं पंचांकडे गेले, आणि मग ते खेळायला लागले. फेरान टोरेसने तिसरा गोल केल्यावरही मालीने एक परत केला. ३-१. आता निदान या स्पर्धेत प्रशिक्षकाला व्हिडिओ बघण्याची मागणी करता येते, एका मॅचमध्ये दोनदा, आणि मागणी बरोबर ठरली तर ती खर्ची पडत नाही. दुकुरेच्या वेळी ती सोय असती तर २-१ झालं असतं, मग पुढचं कुणी सांगावं.

मुलींच्या अंतिम मॅचमधला एकच क्षण सांगते. स्पेन आणि कोलंबिया, ०-०, ८२ वं मिनिट. कोलंबियाची एक डिफेंडर बॉल अडवायला गेली आणि तिला लागून बॉल तिच्याच गोलात गेला. तेवढ्या एका गोलावर विश्वचषक स्पेनकडे गेला. त्या मुलीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. माझ्या अकरा जणी एकदम गप्प झाल्या. मी विचारलं, ती तिथे का होती? थोड्या वेळाने आमची स्टॉपर, म्हणजे मधली डिफेंडर, म्हणाली, कारण तिथे असायलाच पाहिजे होतं. ती नसती तर मागे स्पेनची पोरगी होती की नाही, हे आम्ही परतीच्या वाटेवर फोनवर तीनदा बघितलं. आपल्या मुलांना असा क्षण दिसला तर हसू देऊ नका आणि "बिचारी" म्हणून सोडूनही देऊ नका. ती तिथे कशी पोचली, ते विचारा.

पुढे कोण मोठा होणार याच्या पैजा लावू देऊ नका. कोलंबियाच्या त्या संघात लिंडा कायसेडो होती. वर्षभराच्या आत ती वीस वर्षांखालचा, सतरा वर्षांखालचा आणि मोठ्या बायकांचा असे तीन विश्वचषक खेळली. तिच्याकडे बघून भारावून जाणं साहजिक आहे. पण आपल्या पोरांसमोर उभे असलेले बहुतेक खेळाडू पुढे टीव्हीवर दिसणार नाहीत. मला उलट हेच मोलाचं वाटतं. त्या रात्री ते कुणी तारे नसतात, सोळा वर्षांची मुलं असतात आणि जीव तोडून खेळत असतात. पोरांनी त्यांच्याकडे बरोबरीच्या नजरेने बघायला हवं.

प्रवास, पोट आणि परत येणं

आम्ही पहाटे चारला ट्रॅव्हलर काढली. स्टेडियम सायन-पनवेल महामार्गाला लागून आहे, रेल्वेने येणाऱ्यांना हार्बरचं नेरूळ स्टेशन जवळ. आत पाण्याची बाटली, खाण्याचे डबे, मोठी बॅग, काठीचा झेंडा जात नाही. तिकिटासोबतची यादी आधी वाचा. मी वाचली नव्हती. हाफ टाइमला खायला म्हणून बांधलेल्या चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच ठेवावी लागली आणि पोरं रात्री साडेदहापर्यंत अर्धपोटी राहिली. मुलींच्या वेळी आम्ही साडेतीनलाच गाडीशेजारी बसून पोटभर जेवलो, आतल्या खर्चासाठी प्रत्येकीकडे सुटे पैसे दिले आणि भडंग परतीसाठी राखून ठेवलं.

गेटसमोर सगळ्यांना उभं करून गेट नंबरच्या पाटीसकट फोटो काढा. कुणी हरवलं तर इथे यायचं, हे त्याच फोटोतून समजतं. मुली बरोबर असतील तर दुसरी बाई हवीच, एक मैदानात आणि एक स्वच्छतागृहाच्या फेऱ्यांना. रात्रीच परत निघू नका, ड्रायव्हरला झोप मिळायला हवी. आम्ही दुसऱ्या खेपेला एका विद्यार्थिनीच्या आत्याकडे कोपरखैरण्याला राहिलो, अकरा जणी एका हॉलमध्ये.

मॅच संपली की उठू नका. वीस मिनिटं बसा. गर्दी कमी होते आणि हरलेला संघ प्रेक्षकांकडे येतो, तेव्हा टाळ्या वाजवायला कुणीतरी उरलेलं असतं.

फोनवर बघताना

आता मुलांचा हा विश्वचषक दर वर्षी होतो, अठ्ठेचाळीस देशांचा. २०२५ ते २०२९ अशा पाचही स्पर्धा कतारमध्ये आहेत. मुलींचाही दर वर्षी, तोही पाच वर्षं मोरोक्कोत. कतारची वेळ आपल्या अडीच तास मागे, त्यामुळे मॅच आपल्याकडे संध्याकाळी आणि रात्री येतात. पोरांना अभ्यास सांभाळून बघता येतात.

कॅमेरा बॉलच्या मागे असतो, त्यामुळे एकाच खेळाडूवर नजर ठेवता येत नाही. म्हणून वेगळी रीत: समालोचनाचा आवाज बंद करा. थ्रो, कॉर्नर किंवा फ्री किक मिळाली की चित्र थांबवा आणि विचारा, "तू असतास तर कुणाला दिला असतास?" उत्तर वहीत लिहून मग पुढे सोडा. एका हाफमध्ये पाच-सहा वेळाच थांबवा. जास्त थांबवलं तर पोरं कंटाळतात आणि मॅच मॅच राहत नाही. दुसरा हाफ न थांबवता, आवाजासकट, मनसोक्त.

दुसऱ्या दिवशी मैदानावर चार विरुद्ध चार खेळवा, एकच नियम लावून: बॉल घेण्याआधी ज्याने मान वळवली नाही त्याचा पास बाद. पहिल्या दिवशी सगळा गोंधळ होतो. पंधरा दिवसांनी दोघा-तिघांची मान आपोआप वळायला लागते. वह्या परत गोळा करू नका. माझ्या त्या राइट बॅकने आपली वही अजून ठेवली आहे. आता तो सकाळी लहान पोरांना शिकवायला येतो आणि त्यांनाही पाच नंबरकडे बघायला सांगतो.